फोटो फाटतोय की ओ!

कोल्हापुरात एडिटिंगच्या खोलीत एडिटर सहसा एकटा नसतो. खुर्चीमागे कुणी ना कुणी बसलेलं असतंच. लग्नाचं काम असेल तर नवऱ्या मुलाचा मामा, एकसष्टीची फिल्म असेल तर थोरला मुलगा, तालमीचं काम असेल तर दोन कार्यकर्ते आणि त्यांनी सोबत आणलेला, कॉम्प्युटरमधलं कळणारा एक मित्र. चहा येतो, गप्पा रंगतात, शूटिंगचा भाग विनातक्रार बघून होतो. मग जुने फोटो सुरू होतात आणि मागून आवाज येतो, “ओ, फोटो फाटतोय की!”

या धंद्यात ज्यांनी काही वर्षं काढली आहेत त्यांना हे वाक्य पाठ आहे. वरातीत कॅमेरा हलला, हळदीत उजेड कमी पडला, तरी कुणी फारसं बोलत नाही. चालत्या चित्रात सेकंदाला पंचवीस फ्रेम निघून जातात, डोळा माणसांच्या मागे धावत असतो आणि दोष नजरेतून निसटतात. फोटो मात्र पाच-सहा सेकंद समोर उभा असतो. बघणारा चेहऱ्यावरून पागोट्यावर, पागोट्यावरून मागच्या खुर्चीच्या हातापर्यंत नजर फिरवून परत चेहऱ्यावर येतो. एवढ्या वेळात त्याला सगळं दिसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की व्हिडिओत सगळ्यात जास्त काळजी शूटिंगपेक्षा फोटोची घ्यावी लागते. आमच्याकडे नेमकं उलटं होतं. फोटो ‘काय, नुसते टाकायचे’ म्हणून शेवटच्या रात्रीवर ढकलले जातात.

एका एकसष्टीच्या कामात थोरला मुलगा असाच मागे बसला होता. वडिलांचा मिलिटरीतला फोटो आला आणि तो खुर्चीवरून उठलाच. “घरात हा फोटो किती क्लिअर हाय! हितं चेहराच पुसलाय.” मी स्पेसबार दाबून चित्र थांबवलं. फोटो लख्ख झाला, छातीवरच्या पदकाची रिबीनसुद्धा दिसायला लागली. पुन्हा चालवलं, पुन्हा धूसर. थांबवलं, पुन्हा लख्ख. “तुम्ही काय केलं?” त्यानं विचारलं. मी काहीच केलं नव्हतं, सगळं सॉफ्टवेअर करत होतं.

त्याचं कारण आकड्यांत आहे. साध्या डिजिटल कॅमेऱ्याचा २४ मेगापिक्सलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४०००, दोन कोटी चाळीस लाख पिक्सल. फुल एचडी व्हिडिओची एक फ्रेम १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम २० लाख ७३ हजार. एवढा मोठा फोटो लहान करायचा, त्यावर हळू झूम द्यायचा, पुढच्या फोटोत विरघळवायचा, रंग सुधारायचा आणि हे सगळं सेकंदात पंचवीस वेळा करायचं. मशीनला झेपेना झालं की चित्र अडखळतं. ते अडखळू नये म्हणून प्रिमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लेबॅक रिझोल्यूशन अर्ध्यावर किंवा पावावर आणता येतं. पाव म्हणजे ४८० गुणिले २७० एवढंच चित्र काढून ते मोठं करून दाखवायचं. पिक्सल मूळच्या सोळाव्या हिश्शावर येतात. थांबल्यावरचं रिझोल्यूशन वेगळं ठेवलेलं असतं, ते पूर्ण असलं की चित्र थांबताच फोटो उजळतो. फायनल कटमध्ये ‘बेटर परफॉर्मन्स’ आणि ‘बेटर क्वालिटी’ अशी निवड आहे, दाविंचीतही टाइमलाइनचं प्लेबॅक रिझोल्यूशन कमी करता येतं. नावं वेगळी, तडजोड तीच.

आमच्या खोलीत तेव्हापासून एक रीत पडली. पार्टी यायच्या आधी फोटोंचा भाग प्रिव्ह्यूसाठी रेंडर करून ठेवायचा, टाइमलाइनच्या डोक्यावरची लाल रेघ हिरवी करायची आणि मगच पूर्ण रिझोल्यूशनवर फिल्म लावायची. म्हाताऱ्या माणसांसमोर तर हे कराच. वडिलांचा चेहरा धूसर दिसला की मुलाच्या पोटात जे कालवतं ते तुमच्या तांत्रिक खुलाशानं जात नाही.

पण खरा घोटाळा असतो तो एक्स्पोर्टनंतरही फोटो मऊच राहतो तेव्हा. त्याचा सगळ्यात चांगला किस्सा तालमीच्या ग्रुप फोटोचा.

कोल्हापुरात जुन्या घरांत पैलवानांचे ग्रुप फोटो असतातच. मधे खुर्चीवर वस्ताद, हातात गदा, मागे दोन-तीन रांगा पोरांच्या, पुढची रांग जमिनीवर मांडी घालून. एका घरातून असाच साधारण बारा बाय दहा इंचांचा फोटो आला. नातवाची इच्छा साधी होती, “आमचा आजा मागच्या रांगेत उजवीकडनं चौथा. कॅमेरा सगळ्यांवरनं फिरून आज्यावर थांबला पाहिजे.” तीनशे डीपीआयनं स्कॅन करून आणलेली फाइल पेनड्राइव्हवर होती. माझ्याआधी दुसऱ्या एका ठिकाणी हे काम झालं होतं आणि तिथं कॅमेरा आज्यावर थांबला की आजा ओळखू येत नव्हता.

प्रोजेक्ट उघडल्यावर पहिलं कारण दिसलं. फोटो टाइमलाइनवर टाकून ‘स्केल टू फ्रेम साइज’ दिलेलं होतं. ही आज्ञा फोटो फ्रेमच्या मापात बसवते आणि त्या मापावर आणून सोडते. म्हणजे ३६०० पिक्सल रुंदीचा फोटो आधी फ्रेमएवढा बारीक होतो आणि मग तुम्ही झूम देता तो त्या बारीक झालेल्या चित्रावर. स्केलच्या रकान्यात मात्र शंभर टक्के दिसतं, त्यामुळे शंका येत नाही. एकदा दळलेल्या पिठाची परत ज्वारी होत नाही, तसं हे आहे. त्याच्याच शेजारची आज्ञा ‘सेट टू फ्रेम साइज’. ती फक्त स्केलचा आकडा बदलते, मूळ पिक्सल हाताशी ठेवते. बघायला दोन्हींचा परिणाम एकसारखा, फरक कळतो तो झूम दिल्यावर. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीत मी जेवढे मऊ फोटो बघितले त्यातले निम्मे या एका आज्ञेचे बळी असावेत. दाविंचीत हा त्रास नाही, तिथं झूम मूळ फोटोवरूनच घेतला जातो.

आज्ञा बदलल्यावर आजा थोडा सुधारला, पण समाधान होईना. दुसरं कारण स्कॅनमध्ये होतं. फुटपट्टी घेऊन मूळ फोटो मोजला. आज्याचा चेहरा एक सेंटिमीटरचा. तीनशे डीपीआयला एका सेंटिमीटरमध्ये ११८ पिक्सल येतात. पडद्याच्या निम्म्या उंचीला चेहरा न्यायचा तर ५४० पिक्सल हवेत. म्हणजे साडेचार पट ताण. चेहरा फाटणारच. ‘तीनशे डीपीआय म्हणजे चांगली क्वालिटी’ हे वाक्य छापखान्यातून आपल्या धंद्यात आलं आणि ठाण मांडून बसलं. व्हिडिओला डीपीआय कळत नाही. त्याला पिक्सल कळतात. फाइलवर ७२ लिहा नाहीतर ३०० लिहा, ३६०० पिक्सल ते ३६०० पिक्सल.

मग मूळ फोटो परत मागवला आणि दोन स्कॅन केले. आख्ख्या फोटोचा तीनशेनं आणि फक्त आज्याच्या आजूबाजूच्या तीन-चार इंचांचा बाराशेनं. बाराशेला सेंटिमीटरमध्ये ४७२ पिक्सल येतात, ताण जवळपास संपला. आख्खा फोटो बाराशेनं केला असता तर फाइल सतरा कोटी पिक्सलवर गेली असती आणि मशीन जागेवर बसलं असतं. टाइमलाइनवर पहिला स्कॅन खाली, दुसरा बरोबर त्याच्यावर जुळवून ठेवला आणि कॅमेरा पुढे सरकत असतानाच खालून वर विरघळवला. जोड कुणालाही दिसत नाही. आज्याच्या कानाची मोडलेली पाळी दिसायला लागली. कुस्तीतला कान. नातू बराच वेळ त्या कानाकडेच बघत होता, कारण घरातल्या भिंतीवर एवढ्या जवळून तो कुणी पाहिलाच नव्हता.

यात एक मेख आहे. जुन्या स्टुडिओत मोठ्या काचेच्या निगेटिव्हवरून काचेला कागद भिडवून काढलेल्या प्रिंटमध्ये एवढा तपशील असतो. कॉपीवरून कॉपी केलेल्या फोटोत तो नसतो. तिथं बाराशेनं स्कॅन करून फक्त कागदाचा पोत मोठा होतो. म्हणून भिंगातून बघायचं आणि मग आकडा ठरवायचा.

आता हलवण्याविषयी. फोटोवरून कॅमेरा हळूच सरकवण्याला जगभर केन बर्न्स इफेक्ट म्हणतात. बर्न्स यांच्या ‘द सिव्हिल वॉर’ या १९९० च्या मालिकेनं ती पद्धत घराघरांत नेली आणि २००३ मध्ये ॲपलनं आयमूव्हीत ते नाव दिलं. स्वतः बर्न्स श्रेय देतात कॅनडाच्या ‘सिटी ऑफ गोल्ड’ या १९५७ च्या लघुपटाला. आपल्याकडे त्याही आधी कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिका सुरू केली होती. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं, एकापेक्षा जास्त दिवे आणि एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जाताना हालचालीचा भास. स्थिर चित्राला पडद्यावर जिवंत कसं करायचं हा प्रश्न मराठी माणसानं सिनेमा येण्याआधीच हातात घेतला होता.

कॉम्प्युटरवर या हालचालीची गंमत अशी की ती जितकी हळू, तितकी अवघड. समजा दहा सेकंदांत फोटो शंभर पिक्सल सरकवायचा आहे. दहा सेकंद म्हणजे अडीचशे फ्रेम. प्रत्येक फ्रेमला फोटो ०.४ पिक्सल सरकला पाहिजे. सॉफ्टवेअरनं अपूर्णांक नीट सांभाळला तर हालचाल लोण्यासारखी होते. पूर्णांकात गोळाबेरीज केली तर फोटो दोन फ्रेम जागेवर राहतो, मग एका पिक्सलनं उडी मारतो. बघणाऱ्याला नेमकं काय होतंय ते सांगता येत नाही, तो म्हणतो, “फोटो थरथरतोय.” उपाय दोनच. स्केलिंगचा दर्जा वरचा निवडा, किंवा हालचाल थोडी वाढवा. आणि सुरुवात-शेवट एकदम झटक्यानं होऊ देऊ नका, वेग हळूहळू चढवा आणि उतरवा. लग्नाच्या तयार टेम्प्लेटमध्ये फोटो भिरभिरत येतात, गरगर फिरतात, त्यात हे दोष झाकले जातात. आजोबांच्या फोटोला ती भिरभिर शोभत नाही.

कॅसेटच्या जमान्यात तर थरथर वेगळीच होती. तेव्हाच्या पाल पद्धतीत ५७६ ओळी, आणि एका वेळी सम ओळी, दुसऱ्या वेळी विषम, अशा सेकंदाला पन्नास फील्ड. नऊवारीच्या काठाची एखादी बारीक आडवी रेघ एकाच ओळीत बसली की ती सेकंदाला पंचवीस वेळा दिसायची आणि पंचवीस वेळा जायची. टीव्हीवर साडीचा काठ, नथीचे मोती, अंबाबाईच्या देवळाच्या भिंतीवरचं कोरीव काम लुकलुकायचं. मिक्सिंग करणारे जुने लोक फोटो आधी उभ्या दिशेनं केसभर धूसर करायचे. धारदार फोटो मुद्दाम बोथट करायचा हे नव्या मुलांना पटायचं नाही, पण टीव्हीवर तोच फोटो जास्त स्वच्छ दिसायचा. आज इंटरलेस गेलं तरी लुकलुक पूर्ण गेलेली नाही. २४ मेगापिक्सलचा फोटो फुल एचडीत हलवला की देवळाच्या जाळ्या, कौलं, चौकटीचे शर्ट चमचमतात, कारण बारा पिक्सलमधून एक पिक्सल निवडताना सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमला वेगळा तपशील पकडतं. म्हणून फार मोठा फोटो तसाच टाकू नये. जेवढा झूम द्यायचा तेवढ्यापुरता, साधारण फ्रेमच्या दुपटीवर आणून टाकावा. मशीनही सुटतं आणि चित्रही.

रेंडरच्या रात्रीचे किस्से प्रत्येकाकडे असतात. मला आठवतो तो दोन मशीनचा. कार्यक्रम सकाळी होता, म्हणून फिल्मचे दोन भाग केले, एक माझ्याकडे रेंडरला लावला, दुसरा मित्राच्या मशीनवर. प्रोजेक्ट एकच, फोटो तेच, सेटिंग तेच. सकाळी जोडून बघितलं तर पहिल्या भागातले फोटो कोरीव, दुसऱ्यातले जरा मळकट. मित्राच्या मशीनमध्ये ग्राफिक्स कार्ड नव्हतं. प्रिमियर ग्राफिक्स कार्डावर काम करतं तेव्हा चित्र लहान-मोठं करण्याची पद्धत वरच्या दर्जाची असते. नुसत्या प्रोसेसरवर ते हलकी पद्धत वापरतं, ‘युज मॅक्सिमम रेंडर क्वालिटी’ या चौकोनात खूण करेपर्यंत. खूण केली, पुन्हा रेंडर लावलं, वेळ दुपटीहून जास्त लागला, पण दोन्ही भाग सारखे झाले.

त्या चौकोनाच्या जवळच ‘युज प्रिव्ह्यूज’ नावाचा आणखी एक आहे. घाईत माणूस त्यावर खूण करतो, कारण काम लवकर संपतं. पण मग टाइमलाइनवर हिरवी रेघ आणताना बनवलेल्या कच्च्या फाइलीच अंतिम फिल्ममध्ये जातात. त्या फाइली हलक्या प्रतीच्या ठेवलेल्या असतील तर फोटोही हलकेच. हिरवी रेघ फक्त एवढंच सांगते की हा भाग न अडखळता चालेल.

इथवर मी धंद्यातलं बोललो. पण कोल्हापुरात फोटोचा प्रश्न धंद्यापुरता नाही.

या गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला गेला. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबुराव पेंटरांनी तो ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये गेले, बाबुरावांनी दामल्यांच्या मदतीनं कॅमेरा पुरा केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’. शांताराम, दामले, फत्तेलाल तिथंच घडले आणि १९२९ मध्ये त्यांनी कोल्हापुरातच प्रभात सुरू केली. हे सगळं आपण अभिमानानं सांगतो. पण ‘सैरंध्री’ आज बघता येत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची, पटकन पेट घेणारी, नाही पेटली तरी आपोआप कुजणारी. भारतात बनलेल्या मूकपटांपैकी अगदी मोजके वाचले. १९४८ मध्ये तर भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओच जाळला गेला.

म्हणजे कोल्हापूरच्या सिनेमावर आज कुणी माहितीपट करायला बसलं तर त्याच्या हातात काय असतं? स्थिरचित्रं. चित्रीकरणाच्या वेळी काढलेले फोटो, जाहिरातींची चित्रं, छापील पुस्तिकांची पानं. चालत्या चित्रांचं माहेरघर म्हणवणाऱ्या गावाला स्वतःची पहिली चालती चित्रं दाखवण्यासाठी न चालणाऱ्या फोटोंवर विसंबावं लागतं. त्यामुळे पुस्तकातल्या पानावरून मोबाईलनं काढलेला, जाळीचे ठिपके दिसणारा फोटो जेव्हा कुणी माहितीपटात ताणून टाकतं तेव्हा मला राग येतो. त्या चित्रपटाची तीच एक खूण उरलेली असते. छापील चित्र स्कॅन करताना डीस्क्रीनचा पर्याय घ्यायला अर्धा मिनिट लागतो, ठिपके जातात.

६ मे २०२२ ला राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. सकाळी दहाला सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागेवर उभं राहिलं. त्या वर्षभर महाराजांवरच्या लहान-मोठ्या फिल्मचं काम सगळ्यांकडे होतं. येणारे फोटो मात्र तेच तेच, आणि बहुतेक व्हॉट्सॲपवरून. व्हॉट्सॲप साध्या पद्धतीनं पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सलवर आणतं आणि वरून दाबतं. तो पुढे गेला, पुन्हा गेला, मधे कुणी स्क्रीनशॉट काढला, की पगडीच्या कडेला चौकोन उमटतात. फ्लेक्सवाल्यांकडून आलेली फाइल मोठी असते, पण ती छपाईच्या सीएमवायके रंगांत, प्रिमियर ती घेतच नाही, आधी आरजीबी करावी लागते. शिवाय त्यात महाराजांच्या मागे सूर्यकिरणं आणि गालावर गुलाबी रंग चढवलेला असतो. ग्रंथालयातून, जुन्या घरांतून मूळ प्रिंट मिळवण्याची खटपट ज्यांनी केली त्यांच्या फिल्ममधले महाराज वेगळे दिसले. कातडीचा पोत, डोळ्याखालची सावली, सगळं जागेवर.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती. पहाटेपासून लोकांना नाट्यगृहावर काहीतरी करायचं होतं, चार मिनिटांची, पाच मिनिटांची फिल्म. फोटोंचा पाऊस पडला आणि सगळे चिमुकले. मी ज्यांना ज्यांना फोन केला त्यांना एकच विनंती केली, “फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.” तेवढ्यानं मूळ फाइल येते. एका हौशी नटाच्या घरातून रंगमंचावर उभं राहून प्रेक्षागृहाच्या दिशेनं काढलेला फोटो मूळ मापात आला. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, बाल्कनीची कमान, खांबांवरचं काम. त्यावरून कॅमेरा हळू मागे नेला आणि इतर काहीच केलं नाही. त्या दिवसांत केलेल्या कामातला तो एकच शॉट मला मनापासून आवडतो.

चांगला फोटो, चांगलं रेंडर, तरी शेवटच्या टप्प्यावर घात होतो तो बिटरेटनं. जुन्या स्टुडिओतल्या फोटोंत मागे रंगवलेला पडदा असतो, वर गडद आणि खाली उजळ होत जाणारं आभाळ. आठ बिटच्या एच २६४ मध्ये हा हळू बदलणारा करडा रंग पट्ट्यापट्ट्यांत तुटतो. त्यावर थोडं ग्रेन टाकलं की पट्टे मोडतात. आणि बिटरेट कमी असेल तर दुसरा प्रकार होतो. एन्कोडर ठरावीक अंतरानं एक पूर्ण फ्रेम साठवतो, मधल्या फ्रेममध्ये फक्त बदल. स्थिर फोटोत बदल नगण्य, म्हणून तो तपशील सोडत जातो, आणि पुढची पूर्ण फ्रेम आली की चेहरा एकदम तीक्ष्ण होतो. मऊ, तीक्ष्ण, मऊ, तीक्ष्ण. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर हे हमखास दिसतं. एकदा तर प्रेक्षकांतली एक बाई मला म्हणाली, “फोटोतली माणसं श्वास घेतल्यागत वाटली.” तिला ते आवडलं होतं. मी त्याच रात्री बिटरेट दुप्पट करून नवी फाइल दिली.

मंडळांच्या एलईडी भिंतीचं गणित मात्र निराळं. चार मिलिमीटर पिचची बारा बाय आठ फुटांची भिंत म्हणजे जेमतेम नऊशे बाय सहाशे दिवे. तिथं ग्रुप फोटो दाखवू नये, एकेक चेहरा दाखवावा. दहा फुटांवरून ठिपके, ऐंशी फुटांवरून चेहरा.

हल्ली प्रत्येक जण म्हणतो, एआयमधून मोठा करा. निसर्गदृश्य असेल तर जरूर करा. पण माणसाच्या बाबतीत मी हात आखडता घेतो. एका कामात घरच्याच एका मुलानं पणजोबांचा धूसर फोटो मोबाईलवरच्या ॲपमधून चकचकीत करून आणला. पापण्यांचे केस मोजता येत होते. पणजीबाई नव्वदीच्या, त्यांना पडद्यासमोर बसवलं. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “ह्ये आमचं मालक न्हवंत.” सॉफ्टवेअरला जे पिक्सल मिळाले नाहीत ते त्यानं दुसऱ्याच कुणाच्या चेहऱ्यावरून भरले होते. मूळ धूसर फोटो लावला, फ्रेममध्ये लहान ठेवला, भोवती काळी जागा सोडली. त्या लगेच पदराचं टोक तोंडाशी नेऊन हसल्या.

काचेच्या फोटोंचा विषयही सांगितला पाहिजे. हार घातलेला फोटो भिंतीवरून काढायला घरची माणसं तयार होत नाहीत, काढला तरी चौकट उघडू देत नाहीत. आणि ते बरोबरही असतं. पन्नास वर्षांच्या दमटपणानं प्रिंट काचेला चिकटलेली असते, ओढली तर चेहरा काचेवर राहतो. अशा वेळी आम्ही स्कॅनर विसरतो. कॅमेरा स्टँडवर, फोटोच्या बरोबर समोर, कॅमेऱ्याभोवती काळं कापड आणि उजेड दोन्ही बाजूंनी पंचेचाळीस अंशांत. काचेत मग फोटो काढणाराही दिसत नाही आणि समोरची खिडकीही. प्रिंटच्या कडांना आलेली चांदीची झाकही या उजेडात मरते.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांनंतर या कामाला वेगळंच वजन आलं. शाहूपुरीची कुंभार गल्ली, शिरोळ तालुक्यातली गावं, तिथून लोक भिजलेले अल्बम पिशव्यांत घालून घेऊन यायचे. पानं एकमेकांना चिकटलेली, प्लॅस्टिकखाली रंग वाहिलेले. सुकू देऊ नका, ओले असतानाच थंड स्वच्छ पाण्यात धरून एकेक सोडवा, सावलीत चित्राची बाजू वर करून वाळवा, वेळ नसेल तर फ्रीजरमध्ये ठेवा, एवढं फोनवर सांगत राहिलो. काही वाचले, बरेच गेले.

त्यातलं एक कुटुंब काही वर्षांपूर्वी आमच्याकडून वाढदिवसाची फिल्म करून घेऊन गेलं होतं. त्यांच्याकडे तिची डीव्हीडी राहिली होती, आईचा फोटो असलेला अल्बम गेला होता. डीव्हीडीच्या एका फ्रेममध्ये ७२० गुणिले ५७६, म्हणजे चार लाखांच्या आसपास पिक्सल. त्यावरून पासपोर्टपेक्षा फार मोठी प्रिंट निघत नाही. त्यांनी तेवढ्यावरही समाधान मानलं असतं. पण जुन्या हार्डडिस्कवर प्रोजेक्टच्या शेजारी स्कॅनचा फोल्डर तसाच होता, सहाशे डीपीआयचा, पोस्टकार्डाच्या मापाच्या फोटोची फाइल. त्यावरून आठ बाय बाराची प्रिंट काढून दिली.

तेव्हापासून काम पोचवताना फिल्मबरोबर मूळ स्कॅनचा वेगळा फोल्डर देतो, नाव, साल आणि कोण कुठं उभं आहे ते लिहून. उजवीकडून चौथा कोण, हे सांगणारी माणसं हयात आहेत तोवरच.